बहिणींच्या विहिरीवरचं टिंब

१

पितृपक्षातल्या पंचमीला सकाळी निरगुडवाडीच्या बायका पाण्याला गेल्या, तेव्हा विहिरीत एक बाई वाढली होती.

म्हणजे वाकून बघितलं तर आत पाणीच होतं. बाई वाढली होती ती कठड्यावर. आदल्या दिवसापर्यंत तिथं काळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं, ‘बहिणीची विहीर’. त्या सकाळी होतं, ‘बहिणींची विहीर’.

फरक एका टिंबाचा. पण चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, एकसष्ट साली, या विहिरीत बुडाली ती बहीण एकच होती. सावळी तिचं नाव. वय अठरा. गाळ काढायला उतरली, ती परत चढलीच नाही. आता अनेकवचन झालं म्हटल्यावर दुसरी कोण, हा प्रश्न आला, आणि उत्तर बायकांच्या मागं रिकामी घागर घेऊन उभं होतं. सावळीची थोरली बहीण वत्सला, वय चौसष्ट.

वत्सलामावशीनं कठडा निरखून बघितला. वरची मराठी ओळ बघितली, खालची इंग्रजी बघितली. खालची बघताना तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. घागर खाली ठेवून ती म्हणाली, “बोलावणं आलंय गो. सर्वपित्रीला बारा वाजता मी उतरते.”

आणि घरी जाऊन तिनं भाकऱ्या थापल्या. अमावास्येला अजून दहा दिवस होते, आणि दहा दिवस माणूस उपाशी राहत नाही.

२

“टिंब तुझं का?”

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गाळ्यात सुयोग पेंटर एका टेम्पोवर ‘आईची कृपा’ काढत होता. दारात मोटारसायकल लावून वत्सलामावशीचा मुलगा वाल्मिक उभा होता. डोळे सुजलेले.

“कुठलं टिंब?” सुयोग म्हणाला.

“आमच्या विहिरीवर अक्षरं तूच काढलीस ना चैत्रात? तेव्हा टिंब खाल्लंस आणि आता गुपचूप आणून दिलंस, असं सरपंच म्हणतो.”

सुयोगला राग आला. सात वर्षांत त्यानं कुणाचं काही खाल्लं नव्हतं. उलट पदरचंच घातलं होतं. इंग्रजी शब्दाच्या शेवटी एस आला की तो त्याच्या आधी वर एक शेपूट काढायचा, फुकट. एस उघडाबोडका दिसतो असं त्याचं मत होतं. नाकात नथ घातली की बाई कशी भरल्यासारखी दिसते, तसं. त्यामुळे मुरबाडपासून धसईपर्यंत टायर, चिकन, व्हिडिओ आणि लेडीज टेलर या सगळ्यांच्या एसला नथ होती. गाळ्यावरच्या पाटीवर तर तो स्वतःच SUYOG PAINTER'S होता, एकटाच असून.

“कागदावर दिलं तेच मी काढलं,” तो म्हणाला. “वर ‘बहिणीची विहीर’, खाली SISTER'S WELL. पाहुणे येणार होते तुमचे पंचायतीचे, म्हणून इंग्रजी.”

“आई उतरते म्हणते रे विहिरीत.” वाल्मिकचा आवाज फाटला. “हसत नाय, रडत नाय. लुगडं काढून ठेवलंय नवं. बांधून ठेवू का मी तिला? आपल्या आईला बांधून कुणी ठेवतं का?”

सुयोगनं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला. ‘आईची कृपा’मधली कृपा राहिली होती. ती तशीच ठेवून तो वाल्मिकच्या मागं बसला.

३

विहीर वाडीच्या खाली, भाताच्या खाचरांच्या कडेला. भात निसवलेलं, वारा पडलेला, आणि दुपार असून धुकं गुडघ्यापर्यंत. कुणी खोकलं की विहीरही खोकायची. एकदाच, जरा उशिरा.

काठावर पळसाच्या पानावर भात आणि उडदाचा वडा ठेवलेला होता. कावळा शिवलेला नव्हता.

सुयोग कठड्यापुढं उकिडवा बसला. आधी त्यानं टिंब बघितलं. ब्रशनं दिलेलं टिंब असं नसतं. त्यावर बारीक गोल रेघा होत्या, लाकडाच्या ओंडक्यावर असतात तशा. त्यानं कडेला बोट लावलं. बोट काळं झालं. वास घेतला. दिव्याची काजळी आणि गोडं तेल.

मग खालची ओळ. SISTERS' WELL. त्यानं काढलेलं शेपूट जागेवर नव्हतं. जिथं होतं तिथं पांढऱ्यावर पांढरा रंग दिलेला, आणि शेपूट एसच्या पलीकडे जाऊन बसलं होतं. ते त्यानं नखानं खरवडलं. निघेना. पक्का ऑइलपेंट. आणि आकार असा की त्याला वाटलं आपण ब्रश टाकून द्यावा: वर चौकोनी, खाली निमुळतं, एका झटक्यात उतरलेलं. थरथर नाही, ओघळ नाही.

“बाकीचं कसंही असो,” तो वाल्मिकला म्हणाला, “शेपटाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.”

“सावळीमावशीचा?”

विहीर खोकली. या खेपेला आधी कुणी खोकलं नव्हतं.

४

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या दर्शनाबाई शहापूरच्या. वडिलांच्या तिथीसाठी चतुर्थीलाच गावी गेलेल्या, त्या सोमवारी परतल्या. सुयोगनं त्यांना थेट विहिरीवर नेलं.

“अपॉस्ट्रॉफी,” त्या म्हणाल्या. “बरोबर सरकवलाय. एका बहिणीची असेल तर एसच्या आधी. बहिणी जास्त असतील, तर आधी एस लावून बहिणी वाढवायच्या आणि मग एसच्या नंतर द्यायचा. आपल्याकडे टिंब करतं तेच काम.”

“म्हणजे ते डिझाइन नाही?”

“नाही.”

“नुसतेच पुष्कळ टायर असले तर?”

“तर काहीच नाही. नुसता एस. तुम्ही काढलेल्या पाटीचा अर्थ होतो, एका टायरचं. त्या टायरचं काय, ते लिहायचं राहिलंय.”

सुयोगनं मनातल्या मनात मुरबाडपासूनच्या सगळ्या पाट्या मोजल्या. सात वर्षांतला एकच अपॉस्ट्रॉफी त्यानं बरोबर काढला होता, तोही चुकून, आणि नेमका तोच कुणीतरी हलवला होता.

“पण मग हे सोपं झालं,” तो एकदम म्हणाला. “सावळी किती शिकलेली?”

“चौथी, असं गावात म्हणतात.”

“आणि त्या काळी इंग्रजी?”

“आठवीपासून.”

“मग तिला हे येणार कुठून? भूत सुटलं.”

“मेल्यावर शिकली असेल,” दर्शनाबाई सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या.

“कुणाकडे?”

दोघांनी विहिरीत वाकून बघितलं, आणि दोघंही चार पावलं मागं सरकली.

बाई त्या दिवशी शहापुरात होत्या, त्या सुटल्या. राहिला वाल्मिक. आईचे गुडघे गेलेत, हातपंप घराशी आहे, तरी ती विहिरीचंच पाणी आणते म्हणून तो वर्षभर तिच्याशी भांडत होता. घाबरवून बंद करायला गेला आणि अंगाशी आलं, असं होऊ शकत होतं. सुयोगनं त्याच्या हातात काडी दिली आणि धुळीत SISTERS लिहायला लावलं.

“आता पुष्कळ बहिणींची विहीर असं कर. शेपूट दे.”

दहावीला इंग्रजीत तीनदा बसलेल्या वाल्मिकनं बराच विचार केला. मग प्रत्येक एसच्या डोक्यावर एक अशी तीन शेपटं दिली.

“हे काय?”

“बहिणी जास्त, शेपटं जास्त.”

सुयोगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा निर्दोष माणूस त्यानं तालुक्यात बघितला नव्हता.

५

संशयित संपले, दिवस मात्र नाही. वत्सलामावशी पडवीत वाती वळत बसली होती. हात स्थिर.

“मावशी, ते टिंब...”

“टिंबाचं काय घेऊन बसलास? टिंब टिंबाच्या जागी हाय. खालचं बघ. खालचं शेपूट सरकलंय.”

“तुमी इंग्रजी वाचता?”

“नाय रे. आमी चौथीपर्यंत, दोघी.”

“मग सरकलं ते कसं कळलं?”

वात वळणारी बोटं थांबली. उजव्या हाताचं पहिलं बोट तिनं पदराखाली घेतलं. “रोजची वाट हाय माझी तिथं,” ती म्हणाली. “मेलेलीला नारळ, जितीला घागर. नजर जातेच.”

“काठावरचं पान तुमी ठेवलंत?”

“दर पंचमीला असतं. लग्नाआधी गेलेल्यांची तिथी ती. मी नाय ठेवत.” तिनं आवाज खाली आणला. “कोण ठेवतं ते विचारू नये. ठेवणारा ओ देतो.”

सुयोग बाहेर पडला तेव्हा त्याच्या मानेवर काटा होता. पण पायऱ्या उतरताना त्याला वेगळंच काहीतरी टोचायला लागलं. सगळं गाव घाबरलं होतं ते टिंबाला, कारण टिंब सगळ्यांना वाचता येत होतं. ही बाई घाबरली होती ती एकाच गोष्टीला, जी तिला वाचता येत नव्हती.

पारावर म्हातारा धाऊ बसलेला. सावळीला बाहेर काढताना जे चौघे उतरले होते, त्यातला उरलेला एक.

“धाऊबाबा, विहिरीला नाव कुणी दिलं?”

“नाव काय द्यायचं? पडलं आपोआप.”

“आपोआप पडलं तर ‘सावळीची विहीर’ पडायला पाहिजे. गावाची ती लेक, कुणाची पोर, कुणाची भाची. ‘बहीण’ कोण म्हणेल? सारं गाव तर तिचा भाऊ नाही ना!”

धाऊनं तोंडातली तंबाखू थुंकली.

“महादू म्हणायचा,” तो म्हणाला. “भाऊ. दोघींच्या पाठचा, सोळाचा. तीन दिवस काठावर बसून होता. कुणी पाण्याला आलं की ओरडायचा, माझ्या बहिणीची विहीर हाय, भरू नका. मग वत्सीनं त्याला हाकलला. भाऊ नाय मला, म्हणाली. तेव्हापासून त्याचं नाव काढत नाय कुणी.”

“का?”

“गाळ काढायला सावळी उतरली, तेव्हा दोर त्याच्या हातात होता.”

“गेला कुठं?”

“कसाऱ्याकडं. रेल्वेत चिकटला म्हणतात.” धाऊनं हवेत ब्रश फिरवल्यासारखा हात केला. “रंगारी.”

६

रेल्वेच्या जुन्या रंगाऱ्यांकडून महादूचा पत्ता काढून अमावास्येच्या आदल्या दिवशी सुयोग मुरबाडहून शहापूरला आणि तिथून कसाऱ्याच्या एसटीनं उंबरमाळीला उतरला. पुढं चढण. रान इतकं दाट की स्वतःच्या चपलांचा आवाज मागून येत होता.

घर ओळखायला विचारावं लागलं नाही. दारावर स्टेशनच्या पाटीचा पिवळा रंग आणि काळ्या अक्षरांत ‘महादू’. माठावर ‘पिण्याचे पाणी’. अंगणात एक खोपटं, त्यावर ‘कुत्र्याचे घर’ आणि खाली DOG'S HOUSE. आत एकच कुत्रा. शेजारी खुराडं: ‘कोंबडीचे घर’, HEN'S HOUSE. आणि त्या एसच्या पलीकडे, पिवळ्यावर पिवळा दिलेला एक डाग.

“इथं शेपूट मागं होतं,” सुयोग म्हणाला.

“पाच होत्या तेव्हा मागंच होतं.” दारातला माणूस उंच, वाकलेला, साठीचा. “मुंगसानं चार नेल्या. मग पुढं घ्यावं लागलं. वरचं ‘कोंबड्यांचे’ही बदललं.”

आतून उरलेली कोंबडी बघत होती. एकवचनी.

“कुणी शिकवलं?”

“नोकरीला लागलो तेव्हा बायकांच्या वेटिंग रूमची पाटी काढली. एका बाईची काढली. स्टेशनमास्तरनं सगळ्या प्लॅटफॉर्मदेखत कान पिळला. म्हणाला, ही खोली एकीची काय? तो कान अजून दुखतो पावसाळ्यात.” त्याची नजर सुयोगच्या नखांतल्या रंगावर गेली. “तू विहिरीवरनं आलास.”

तो नाकारत नव्हता. दर पंचमीला पहाटे जायचा, पान ठेवायचा, पहिल्या गाडीनं परत. वाडीत पाऊल टाकायचा नाही. यंदा कठड्यावर पाटी दिसली.

“वर अनेकवचन, खाली एकवचन. अशी पाटी मागं टाकून मी कसा येणार रे? ब्रश आणि काळ्या-पांढऱ्याच्या डब्या पिशवीतच असतात. आणि...” तो अडखळला. “वर ‘बहिणींची’ वाचलं आणि मला बरं वाटलं. माझ्या दोघीच ना त्या. एक गेली आणि दुसरीनं मला टाकलं, म्हणून ती काय बहीण नाय झाली?”

“थांबा,” सुयोग म्हणाला. “वर वाचलं म्हणजे? टिंब तुमी नाही दिलं?”

“मी गेलो तेव्हा होतं.”

रानात पान हललं नाही. चौथीपर्यंतच्या अभ्यासात टिंब येतं, हे सुयोगला नेमकं तेव्हा आठवलं.

मग त्याला पदराखाली गेलेलं एक बोट आठवलं, आणि त्यानं महादूचा हात धरला. “चला. उद्या बारा वाजता वत्सलामावशी विहिरीत उतरणार आहे.”

“वत्सी माझं तोंड बघणार नाय.”

“तुमच्या शेपटामुळे उतरतेय ती.”

महादूनं चपला शोधल्या नाहीत. तसाच निघाला.

७

दुसऱ्या दिवशी धसईची गाडी वाटेत दोनदा गरम झाली. निरगुडवाडीच्या उतारावर ते पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते, आणि सगळी वाडी विहिरीभोवती उभी होती. वत्सलामावशी काठावर, नव्या लुगड्यात. वाल्मिक तिचे पाय धरून जमिनीवर. दर्शनाबाईंनी एक दंड धरलेला. ती ओढत नव्हती, झगडत नव्हती. बाराची वाट बघत होती.

“मावशी, जायचं तर जा,” सुयोग धापा टाकत म्हणाला, “पण चुकीच्या वाचनावर नको. हे दोन हातांचं काम आहे. टिंब काजळीचं, बोटानं दिलेलं. शेपूट ऑइलपेंटचं, ब्रशनं दिलेलं. टिंबाला सगळे घाबरले, तुमी नाही, कारण ते कुणी दिलं ते तुमाला माहीत होतं. घाबरलात तुमी खालच्या ओळीला. आदल्या संध्याकाळी तुमी वरच्या ओळीत काहीतरी केलंत, आणि सकाळी खालच्या ओळीनं उत्तर दिलं.”

वाल्मिकनं पाय सोडले नाहीत, पण मान वर केली. “आये?”

वत्सलामावशीनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

“दोघींनी वाहिली होती माती,” ती म्हणाली. “बापानं खणली, पण पाटी दोघींच्या डोक्यावर होती. टक्कल पडलंय मला इथं, बघ. ती मेली, विहीर तिची झाली. मी जगले, मला पाणी भरायचं. चव्वेचाळीस वर्षं. एक टिंब घेतलं मी. एक! दिव्याची काजळी लावली बोटाला आणि दिलं. आणि सकाळी खालचंही सरकलं... मी म्हटलं, सावळीनं ऐकलं. म्हणते, वाटा पाहिजे ना, मग ये पुरती.”

“सावळीला इंग्रजी येत नव्हतं,” सुयोग म्हणाला आणि बाजूला झाला.

मागं महादू उभा होता. अनवाणी. वाडीतल्या बायकांनी त्याला ओळखलं नाही. वत्सलामावशीनं ओळखलं. तिच्या ओठांवर एक शिवी आली आणि तिथंच राहिली.

“तूच का रे ते शेपूट लावलंस?”

“लावलं नाय,” महादू म्हणाला. “सरकवलं.”

“का?”

“दोघी लिहिलं होतं वर.” त्यानं कठड्याकडे बोट केलं. “मला वाटलं, तू... मला वाटलं मोजलंस आपल्याला.”

“तुला कुठं मोजलंय त्यात, मुडद्या?”

“बहिणी म्हटलं की येतो ना गो मी. न लिहिता.”

दर्शनाबाईंनी नकळत मान डोलावली, बरोबर उत्तराला डोलावतात तशी.

बारा वाजून गेले. कुणी लक्षात आणून दिलं नाही. वत्सलामावशी काठावरून उतरली, म्हणजे बाहेरच्या बाजूला. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. मग तिनं पोहऱ्याचा दोर उचलला, पोहरा विहिरीत सोडला आणि वरचं टोक महादूच्या पुढं केलं.

“धर. आणि सोडू नको.”

महादूनं दोर धरला. दोन्ही हातांनी, मनगटाला वेढा घेऊन. पोहरा भरल्याचा आवाज आला. त्यानं ओढला. दोर वीतभर वर आला आणि तिथंच ताठ झाला. त्यानं पाय रोवून ओढला. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा गुणगुणला, पण येईना. सुयोग वाकला. आत काही अडकल्यासारखं दिसत नव्हतं. पाणी होतं, आणि पाण्यात बघणाऱ्यांचे चेहरे होते. ते त्यानं मोजले नाहीत.

वत्सलामावशीनं कठड्यावरून तोंड आत केलं. धाकटीला दटावतात त्या आवाजात ती म्हणाली, “दोघींची म्हटलं ना आता? सोड गो.”

दोर सैल झाला. पोहरा भरून वर आला.

सुयोग पेंटर, ज्यानं दहा दिवस खपून भूत निर्दोष ठरवलं होतं, तो चपला हातात घेऊन धसईच्या गाडीकडे चालायला लागला. मुरबाडला पोचल्यावर त्यानं शिडी लावली आणि गाळ्याच्या पाटीवरच्या एसची नथ उतरवली. मग त्याला वाटलं, नुसता एस म्हणजे पुष्कळ पेंटर. त्यापेक्षा आपण एकटेच असलेलं बरं. म्हणून एसही पुसला.